बायकोचं आमेन

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, माझ्या प्रार्थनेला नाव आहे. कुणाचा साखरपुडा असो, नव्या घराचं समर्पण असो, कुणाचा मुलगा मुलाखतीला निघालेला असो; "काका, प्रार्थनेचे दोन शब्द" असं म्हणून लोक डोळे मिटतात आणि मी सुरू होतो. दोन शब्दांत मी आजवर कधी आटपलेलं नाही. नेरळला एका नव्या फ्लॅटच्या समर्पणाला तर मी पायापासून गच्चीपर्यंत प्रत्येक मजल्यावर कृपा मागितली. मधे यजमानीणबाई हळूच उठल्या, आत जाऊन गॅस बंद करून आल्या आणि पुन्हा डोळे मिटून बसल्या. हे मला परतीच्या वाटेवर माझ्या बायकोने सांगितलं. म्हणजे तिचे डोळे उघडे होते, हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

मी कुंभिवलीच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. नट, बोल्ट, बेअरिंगं, ग्रीसचे डबे. मागितलेली वस्तू द्यायची आणि सही घ्यायची. बायको खालापूरला एका सरकारी कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर आहे. येणाऱ्या प्रत्येक अर्जावर शिक्का मारायचा, नंबर टाकायचा आणि तो योग्य टेबलावर पाठवायचा, हे तिचं काम. राहतो कर्जतला. रोज सकाळी एकाच स्कूटरवरून निघतो, मी तिला खालापूरला सोडतो आणि पुढे जातो. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली. एक मुलगी आहे, ती पुण्याला नोकरी करते.

आमच्या घरी रोज दिवेलागणीला कौटुंबिक उपासना होते. एक गीत, एक शास्त्रपाठ, मग प्रार्थना. गीत ती सुरू करते, कारण माझा सूर लागत नाही. प्रार्थना मी करतो, कारण मी घरचा कर्ता, आणि खरं सांगायचं तर मला ती करायला आवडते म्हणून. प्रार्थनेचा एक नियम आहे, तो कुठे लिहिलेला नाही पण सगळे पाळतात: एक जण प्रार्थना करत असताना दुसऱ्याने मधे बोलायचं नाही. डोळे मिटायचे, मान खाली घालायची आणि शेवटी आमेन म्हणायचं. नवरा सलग पाच मिनिटं बोलतो आणि बायको अवाक्षर काढत नाही, असा संसारात दुसरा प्रसंग नाही. या नियमाचा उपयोग मला लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी कळला.

"हे दयाळू पित्या," मी म्हणायचो, "या घरात तुझी शांती नांदू दे, आणि विशेषकरून सकाळी सहा ते साडेसात या वेळेत नांदू दे." किंवा, "ज्यांना फोनवर बहिणीशी तासतासभर बोलावंसं वाटतं, त्यांना वेळेचं मोल समजू दे." किंवा, "या जेवणावर आशीर्वाद दे आणि त्यातलं मीठ तूच प्रमाणात ठेव." लेकी बोले सुने लागे म्हणतात, तसं. आमच्याकडे लेकीच्या जागी देव होता. तो बिचारा ऐकून घ्यायचा.

मुलगी आठ-नऊ वर्षांची असताना तिने एकदा विचारलं, "पप्पा, तुम्ही प्रार्थना करत होता का मम्मीला ओरडत होता?" मी तिला लहान लेकरांच्या विश्वासाबद्दल काहीतरी समजावून सांगितलं. बायको तेव्हा तोंडाला पदर लावून हसली होती. त्या काळात ती आमेन म्हणायची ते ठणठणीत, टेबलावर शिक्का मारावा तसं. अर्ज आला, नोंदला, पुढे गेला.

सासूबाई शेवटची दोन वर्षं आमच्याकडे होत्या. त्या खालापूरजवळच्या एका खेड्यातल्या, बोलणं अगदी तिकडचं. एका शनिवारी मी त्यांची नखं कापत बसलो होतो, तेव्हा त्या म्हणाल्या, "जावई, तुमी देवाशी लय बोलता. त्याला पन कंदी बोलू द्या." मी ते हसण्यावारी नेलं. म्हाताऱ्या माणसांचं बोलणं हसण्यावारी न्यायची मला सवय होती, आणि आता मी स्वतःच त्या वयाच्या दिशेने निघालो आहे.

सासूबाई जाऊन तीन वर्षं झाल्यावरची ही गोष्ट. नाताळ आटपला आणि आमच्या तरुण पाळकांनी मला उपासनेनंतर थांबवून घेतलं. आमची मंडळी लहान, कर्जतच्या कडेला पत्र्याच्या छपराखाली भरते. पाळक तिशीचे, त्यांच्या लग्नाला दोनच वर्षं झालेली. ते कुठल्याशा प्रशिक्षणाला जाऊन आले होते आणि जोडप्यांसाठी सहा रविवारांचा वर्ग घ्यायचं त्यांच्या मनात होतं. त्याला कारणही होतं. आमच्यातली एक लेक तीन महिने माहेरी येऊन बसली होती, आणि मंडळीने तिला काय दिलं, तर प्रत्येकाने वेगळा सल्ला.

"काका," पाळक म्हणाले, "लग्न लावताना आपण उपदेश करतो, केक कापतो, आणि त्यानंतर त्या घरात जातो ते थेट भांडणाच्या दिवशी. मधल्या वर्षांत कुणी काही शिकवतच नाही. पण आम्ही दोघं पडलो नवीन. तुम्ही आणि काकू पुढे उभे राहिलात तर लोक ऐकतील. शेवटच्या रविवारी तुम्ही दोघांनी सगळ्यांसमोर एकमेकांसाठी प्रार्थना करायची."

मी लगेच हो म्हटलं. बायकोला विचारायला हवं हे सुचलंच नाही, असं मी लिहिणार होतो, पण ते खोटं होईल. सुचलं होतं. विचारलं तर ती नाही म्हणेल, हेही सुचलं होतं. म्हणून मी माझ्या सवयीचा सोपा मार्ग धरला.

त्या संध्याकाळच्या प्रार्थनेत मी म्हटलं, "हे प्रभू, तू आम्हा उभयतांना या सेवेसाठी निवडलंस म्हणून आम्ही तुझे आभारी आहोत. तुझी ही दासी जरा मागे मागे राहणारी आहे. तिला धैर्य दे. पुढच्या रविवारी उपासनेनंतर साडेअकरा वाजता तिला आनंदाने पुढे उभी राहू दे." वेळसुद्धा सांगून टाकली. मग मी आमेन म्हटलं आणि थांबलो.

समोरून आमेन आलं नाही.

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. मी डोळे मिटूनच होतो, कारण समोरचं आमेन ऐकल्याशिवाय डोळे उघडायची मला सवय नाही. शेवटी एक डोळा किलकिला करून पाहिलं. बायको माझ्याकडे पाहत होती. रागाने नाही, एखाद्या अर्जावर सहीच नाही असं आढळल्यावर ती जशी पाहत असेल, तशी. मग ती उठली आणि कुकर उतरवायला गेली.

मला वाटलं, घसा बसला असेल. थंडीचे दिवस होते. पण दुसऱ्या दिवशीही आमेन नाही. तिसऱ्या दिवशी मी प्रार्थना निम्म्यावर आणली. चौथ्या दिवशी कुठलाही टोमणा न मारता नुसते आभार मानले. ऊन, वारा, पाणी, स्कूटरला बसवलेला नवा टायर. शेवटचं आमेन मी जरा ओढून, लांबवून म्हटलं, म्हणजे तिला आत शिरायला जागा मिळेल. ती शिरली नाही. गीत ती रोज म्हणत होती, शास्त्रपाठ वाचत होती, स्कूटरवर मागे बसत होती, डब्यात पोळी-भाजी देत होती. तो एक शब्द तेवढा तिने बंद केला होता.

एका शब्दाने काय होतं, असं मी स्वतःला समजावायचो. पण आमेन म्हणजे तसंच असो; हा मागतोय ते मलाही हवं आहे. सत्तावीस वर्षं तिने माझ्या प्रत्येक मागण्याखाली आपलं नाव घातलं होतं. ते काढून घेतल्यावर मला रोज संध्याकाळी फार एकटं वाटायला लागलं. भांडण असतं तर परवडलं असतं. भांडणात मी बरा आहे.

वर्गाच्या पहिल्या रविवारी ती आली, हेच विशेष. आमच्या मंडळीत पुरुष उजवीकडे आणि बायका डावीकडे बसतात. तसं कुणी सांगितलेलं नाही, पण लग्नाच्या दिवशी जोडीने पुढे बसायचं ते शेवटचं. त्यानंतर मधली वाट ओलांडायची नाही. पाळक म्हणाले, "आज जोडीजोडीने बसा." एकच गोंधळ उडाला. बायका पदर सावरत पुरुषांच्या बाजूला आल्या, तेवढ्यात पुरुष उठून बायकांच्या बाजूला गेले, आणि पुन्हा सगळे वेगवेगळे. शेवटी एकदाचे बसले, तेव्हा प्रत्येक जोडप्याच्या मधल्या खुर्चीवर एक पर्स ठेवलेली होती. आमच्याही मधे होती. पाळकांनी आम्हा दोघांना पुढे बोलावलं. बायको जागेवरूनच म्हणाली, "मी बसायला आले आहे, पाळकसाहेब. शिकवायला हे आहेत."

म्हणून मी एकटाच पुढे उभा राहिलो आणि नवरा-बायकोने एकमेकांचं कसं ऐकून घ्यावं, यावर वीस मिनिटं बोललो. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. पाषाण त्या दिवशी फार रंगात आला होता. नंतर पाळकांनी घरचा अभ्यास दिला. रोज संध्याकाळी जोडप्याने हात धरून बसायचं आणि प्रत्येकाने दुसऱ्यासाठी मोठ्याने प्रार्थना करायची. अट एकच: दुसऱ्यात कसलाही बदल मागायचा नाही. त्याचे आभार मानायचे, त्याची गरज मागायची, आणि थांबायचं.

मला वाटलं, हा तर आपला हातखंडा. संध्याकाळी तिचा हात हातात घेतला. अंगठ्याच्या कडेला शिक्क्याच्या शाईचा निळा डाग होता. तो किती घासला तरी जात नाही, असं ती म्हणाली. हे मला ठाऊक नव्हतं. "हे प्रभू, माझ्या पत्नीला," असं म्हणून मी अडलो. सहनशीलता दे, हे चालत नाही. समज दे, तेही नाही. वेळेचं भान तर मुळीच नाही. मग तिची गरज काय आहे ते आठवायला लागलो आणि एकही गरज आठवेना. तिचा गुडघा दुखतो एवढं माहीत होतं, पण डावा की उजवा? शेवटी म्हटलं, "माझ्या पत्नीला आशीर्वाद दे, आमेन." सगळं मिळून दहा सेकंदं. एवढ्यात नेरळच्या यजमानीणबाई गॅसपर्यंतसुद्धा पोचल्या नसत्या.

मग तिची पाळी आली. तिने डोळे मिटले आणि उघडले. "मी मनात केली," असं म्हणून तिने हात सोडवून घेतला.

दुसऱ्या रविवारी पाळकांनी अनुभव विचारले. कुंभिवलीला हायवेवर पंक्चरचं दुकान चालवणारं एक जोडपं वर्गाला येत असे. त्यातली बायको सगळ्यात आधी उठली. "सायब, ह्यांनी माजा हात धरला नं, मी इचारलं, ताप हाय का तुमाला? तर बोलतात, नाय, सायबांनी सांगलंय." सगळे हसले. ती हसली नाही. खाली बघत म्हणाली, "पन मंग ह्यांनी माज्या कंबरंसाठी मागलं. माजी कंबर दुकते ते ह्यांना म्हाईत असंल, असं मला वाटलंच नवतं." तिचा नवरा मधल्या खुर्चीवरची पिशवी उगाचच उचलून खाली ठेवायला लागला.

पाळकांनी माझ्याकडे पाहिलं. "आमचं छान चाललंय," मी म्हटलं. बायकोने मान वळवून एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा समोर पाहायला लागली. पंक्चरवाल्याला बायकोची कंबर ठाऊक होती, आणि शिकवणाऱ्याला गुडघा डावा की उजवा ते ठाऊक नव्हतं, वर तो मंडळीत उभा राहून खोटं बोलला होता.

घरी आल्यावर चपला काढायच्या आधी मी विचारलं, "तू आमेन का म्हणत नाहीस?"

ती ओट्याशी पाणी पीत होती. पेला ठेवून म्हणाली, "आमच्याकडे लोक अर्ज आणतात. तक्रार शेजाऱ्याची आणि अर्ज थेट मोठ्या साहेबांच्या नावाने. मी त्यांना विचारते, बाबा, आधी शेजाऱ्याशी बोललास का? तुमचंही तेच. अर्ज वर, तक्रार माझी, आणि खाली सहीसुद्धा माझीच पाहिजे तुम्हाला."

"अगं, इतकी वर्षं तू गमतीत घेत होतीस."

"घेत होते," ती म्हणाली, आणि मग तिचा आवाज बदलला. तिला खरा राग आला की कार्यालयातलं मराठी गळून पडतं आणि आईचं बोलणं वर येतं. "आय गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी हितं प्रार्थना व्हती. चालीस मानसं बसली व्हती. तुमी काय बोललात, आठवतं?"

मला आठवत होतं. म्हणजे ती प्रार्थना गाजली होती, एवढं आठवत होतं. दोघा-तिघांनी नंतर माझा हात धरून सांगितलं होतं की डोळ्यांत पाणी आलं.

"तुमी बोललात, प्रभू, या घरावरचं वझं तू उतरवलंस. माजी आय वझं नवती. मला नवती. पन चालीस मानसं डोले मिटून थांबली व्हती, म्हनून मी आमेन बोलली. माज्या आयला वझं म्हनलं आनि त्याच्यावर मी आमेन बोलली. तवापासनं मला ते टोचतंय. परवा तुमी मला न इचारता परत लोकांच्या पुढं उभी केली, तवाच ठरवलं. आता खोटं आमेन नाय."

मला लाज वाटली. नुसती लाज नाही, भीतीही वाटली, कारण ते वाक्य मला आठवतच नव्हतं. म्हणजे मी ते मनापासून म्हटलेलं नव्हतं, रागानेही म्हटलेलं नव्हतं. प्रार्थनेच्या ओघात वाक्य चांगलं जमलं, म्हणून बाहेर पडलं असणार. ज्या बाईने दोन वर्षं रोज आईला न्हाऊ-माखू घातलं, तिच्यासमोर. ‘ओझं म्हणजे त्यांचं दुखणं, त्या नव्हेत,’ असा खुलासा माझ्या जिभेवर आला होता. तो मी गिळला. खुलासा गिळण्याची ती माझी पहिलीच वेळ.

त्या दिवसापासून मला एवढंच हवं होतं: तिची माफी मागायची आणि तिचं आमेन परत मिळवायचं. पंचाईत अशी की मनातलं काही बोलायचं तर मला डोळे मिटावे लागतात. दुसऱ्याच संध्याकाळी मी तिचा हात धरला, डोळे मिटले आणि सुरू केलं, "हे प्रभू, मी माझ्या पत्नीचं मन दुखावलं आहे." तिने हात काढून घेतला. "देवाला ठाऊक आहे ते," ती म्हणाली. "मला सांगायचं असेल तर मला सांगा." कार्यालयातलं मराठी परत आलं होतं, तेवढीच सुधारणा.

तिसऱ्या रविवारी मी सासर-माहेर या विषयावर बोललो आणि पहिल्यांदाच पाच मिनिटांत खाली बसलो. लोकांना ते आवडलं. चौथ्या रविवारी विषय होता क्षमा. मी पाळकांना सांगितलं की पोट बिघडलंय, आणि मागे बसलो. पोट खरंच बिघडलं होतं. पाळक स्वतःच बोलले. बोलता बोलता त्यांनी घरचा एक प्रसंग सांगितला, तर त्यांची बायको सगळ्यांसमोर म्हणाली, "तसं नव्हतं झालं." ते थांबले, तिला विचारलं, आणि मग तिने सांगितलं तसं सांगितलं. कालची पोरं. मी मागच्या खुर्चीवरून पाहत होतो.

पाचव्या आठवड्यात मी ठरवलं की स्कूटरवर सांगायचं. तिथे तिचं तोंड दिसत नाही, ही मोठी सोय. हेल्मेट घातलेलं, नजर रस्त्यावर, आणि ती मागे. पळसदरी मागे पडल्यावर मी बोलायला लागलो. सगळं बोललो, तिच्या आईबद्दल, त्या वाक्याबद्दल, लोकांची वाहवा मला किती आवडते त्याबद्दल. एक डंपर गेला, दोन टेंपो गेले, मी बोलतच होतो. बोलून संपल्यावर इतकं हलकं वाटलं की मी वेगसुद्धा वाढवला. तेवढ्यात तिने खांद्यावर टकटक केलं. "काय म्हणताय? मघापासून नुसता हूं हूं आवाज येतोय. गाडी बाजूला घ्या."

गाडी बाजूला घेतली. तिथे एक बाई वालाच्या शेंगांची पाटी घेऊन बसली होती. बायको उतरली, हेल्मेट काढून हातात धरलं आणि माझ्यासमोर उभी राहिली. "आता बोला. माझ्याकडे बघून."

मी हेल्मेट काढलं. दोन-तीनदा घसा साफ केला. अख्ख्या इमारतीवर मजल्यामजल्याने कृपा मागणारा माणूस मी, पण तिथे मला एक वाक्य सापडेना. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. कधी आलं कोण जाणे. शेवटी म्हटलं, "तुझी आई ओझं नव्हती. मी चुकलो. वाक्य चांगलं सुचलं म्हणून बोलून गेलो." आणि मग, का ते मलाही कळलं नाही, विचारलं, "तुझा कुठला गुडघा दुखतो?"

"दोन्ही," ती म्हणाली.

शेंगावाली सगळं ऐकत होती. "घे गं बाय शेंगा," ती बायकोला म्हणाली. "कवल्या हायेत. त्याचं चालू दे." माझं तर संपलं होतं. बायकोने एक किलो शेंगा घेतल्या, पिशवी माझ्या हातात दिली आणि मागे बसली. खालापूर आलं. उतरताना एवढंच म्हणाली, "संध्याकाळी सोलायला बसा."

संध्याकाळी मी शेंगा सोलल्या. मग तिचा हात धरून म्हटलं, "हे प्रभू, हिच्या दोन्ही गुडघ्यांना आराम दे. आमेन." आणि थांबलो. तिने हात लगेच काढून घेतला नाही, पण आमेनही म्हटलं नाही. मी खट्टू झालो. आमच्या स्टोअरमध्ये मागणीची चिठ्ठी दिली की वस्तू खिडकीतून बाहेर येते. रस्त्यात उभं राहून माफी मागितली म्हणजे त्याच संध्याकाळी आमेन मिळेल, असा माझा हिशेब होता. ती माफी मी तिच्यासाठी मागितली होती की त्या आमेनसाठी, हा प्रश्न शेंगांची सालं केरात टाकताना पडला आणि मला त्याचं उत्तर आवडलं नाही.

शेवटच्या रविवारी उपासना संपल्यासंपल्या मी पाळकांना गाठलं. "आमच्याकडून आज प्रार्थना व्हायची नाही," मी म्हटलं. "दुसऱ्या रविवारी मी खोटं बोललो. आमचं छान चाललेलं नाही. चूक माझी आहे. त्या पंक्चरवाल्याला उभं करा, तो चांगला आहे." पाळक काही म्हणणार, तेवढ्यात बायको मधली वाट ओलांडून आमच्याकडे आली. तिने किती ऐकलं होतं कोण जाणे. "मी करते," ती म्हणाली.

सगळे जोडीजोडीने बसले. आम्ही दोघं पुढे उभे राहिलो. इतक्या वर्षांत मंडळीसमोर मोठ्याने प्रार्थना करताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. मी असताना तिची पाळीच यायची नाही. तिने पर्स खाली जमिनीवर ठेवली आणि माझा हात धरला. सगळ्यांनी डोळे मिटले. मीही मिटले आणि वाट पाहू लागलो. तिने माझ्याविरुद्ध काहीही मागितलं असतं तरी मला ते चालणार होतं.

ती बोलायला लागली ते तिच्या आईच्या बोलीत.

"देवा, माजी आय दोन वरसं आमच्या घरात व्हती. तिचे हात थरथरायचे. मी तिची नखं कापली तर तिला लागायचं. म्हनून दर शनवारी ह्यांनी कापली, हातांची आनि पायांची पन. तिचा पाय आपल्या मांडीवर घेऊन बसायचे. एक शनवार चुकवला नाय. आय बोलायची, जावयाचा हात हलका हाय. हे त्यांनी तुला कंदी सांगलं नाय. बाकी सगलं सांगतात. म्हनून मी सांगते. आमेन."

ते मी विसरूनच गेलो होतो. शनिवारी अर्धा दिवस असायचा, मी मोकळा असायचो, त्यात सांगण्यासारखं काय होतं. आता मात्र तो पाय मला मांडीवर जाणवला, आणि त्याचं वजन किती थोडं होतं ते आठवलं. तोंड उघडलं तर आवाज निघेना. समोर सगळी मंडळी माना खाली घालून, डोळे मिटून माझ्या शब्दाची वाट पाहत बसली होती. वर पत्र्यावर कावळा चालत होता, त्याची पावलं ऐकू येत होती.

बायकोने मला कोपराने हळूच ढोसलं.

"आमेन म्हना," ती पुटपुटली. "मानसं थांबलीत."